निळा ठिपका कोणाचा?

परवा रात्री डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बसलो होतो. लाईट गेलेली, घरात उकडत होतं. सोबत पुतण्या, यंदा दहावीला आहे. त्याच्या फोनमध्ये एक फुकटचं ॲप आहे. त्या क्षणी आपल्या फोनला आकाशातल्या कुठल्या कुठल्या उपग्रहांचा सिग्नल मिळतोय, त्याची यादी ते दाखवतं. प्रत्येक उपग्रहासमोर त्या त्या देशाचा छोटा झेंडा.

आम्ही मोजायला बसलो. अमेरिकेचे नऊ. रशियाचे सहा. युरोपचे सात. चीनचे चौदा. तिरंगे तीन.

"काका, आपले एवढेच?"

मी म्हटलं, "अरे, आपली यंत्रणा फक्त आपल्या भागापुरती आहे. त्यांची जगभरची. म्हणून आपले कमी." उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. आणि ते अर्धं आहे हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो "हं" म्हणून गप्प बसला. उरलेलं अर्धं उत्तर इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण डोंबिवलीला गाडीत चढलात तर ठाणे येईपर्यंत वाचून होईल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नकाशावर आपण कुठे आहोत ते दाखवणारा निळा ठिपका असतो ना, तो उपग्रह आपल्याला वरून बघून काढत नाही. उपग्रहाला आपण आहोत हे माहीतसुद्धा नसतं. तो एकच काम करतो. रात्रंदिवस ओरडून सांगतो, "मी अमुक, मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत." आपला फोन ते ऐकतो, सिग्नल पोचायला किती वेळ लागला ते बघतो आणि त्यावरून अंतर काढतो. असे तीन उपग्रह जागा ठरवायला लागतात आणि चौथा आपल्या फोनच्या घड्याळातली चूक काढायला. म्हणजे पूर्ण गणित सुटायला कमीत कमी चार. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चूक किती महागात पडते बघा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सिग्नल ३०० मीटर जातो. आपली १५ डब्यांची लोकल साधारण तेवढीच लांब असते. म्हणजे उपग्रहावरचं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं, तर पहिल्या डब्यातला माणूस शेवटच्या डब्यात दिसू शकतो. म्हणून उपग्रहावर अणुघड्याळ बसवतात. खरं सांगायचं तर दिशादर्शक उपग्रह म्हणजे आकाशात टांगलेलं घड्याळच. बाकी सगळं त्या घड्याळाला जपण्यासाठी.

ही गोष्ट मुंबईला नवी नाही. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये उभी केली, ती आकाशाच्या निरीक्षणासाठी आणि वेळ राखण्यासाठी. कारण बंदरातून निघणाऱ्या जहाजाकडे अचूक वेळ असेल तरच समुद्रात आपण पूर्वेला किती आणि पश्चिमेला किती आलो ते कळणार. वेळ चुकली की वाट चुकली.

आणि वेळ कोणाची मानायची यावरून आपल्या या शहरात भांडणंही झालीत. एकेकाळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची आणि शहर मुंबईच्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. मुंबईकरांनी ती सरकारची वेळ म्हणून झिडकारली. महापालिकेची घड्याळं तर थेट १९५५ पर्यंत 'बॉम्बे टाइम' दाखवत होती. आज हसू येतं. पण त्या लोकांना एक गोष्ट नीट कळली होती. ज्याच्या घड्याळावर आपण चालतो, त्याचं थोडंफार ऐकावं लागतं.

आता जीपीएसकडे येऊ. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं हे काम १९७३ मध्ये हाती घेतलं. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. हेतू सरळ लष्करी होता. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं, की यंत्रणा पूर्ण झाली की ती सर्वसामान्यांनाही फुकट वापरता येईल. २४ उपग्रहांची ही यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण झाली.

फुकट दिली खरी, पण पाणी घालून. लष्कराचा सिग्नल कुलूपबंद, किल्ली फक्त अमेरिका आणि तिच्या मित्रांकडे. बाकीच्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली, साधारण १०० मीटरची. आपल्या भाषेत सांगायचं तर तुम्ही डोंबिवली पूर्वेला उभे आणि ठिपका पश्चिमेला. आता तुम्ही पूल चढा नि उतरा.

यातली गंमत पुढे आहे. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्याच सैन्याला लष्करी संच पुरेनात. मग बाजारातले साधे संच विकत घेऊन जवानांना दिले गेले, आणि ते नीट चालावेत म्हणून ती मुद्दाम घातलेली चूक तेवढ्या काळापुरती बंद करावी लागली. म्हणजे जगातल्या एका बलाढ्य फौजेला ऐन युद्धात सामान्य लोकांच्या बाजारपेठेनं तारलं. लष्करी आणि नागरी हे दोन वेगळे कप्पे आहेत असं कागदावर वाटतं, प्रत्यक्षात तसं नसतं. हाही मुद्दा लक्षात ठेवा.

आता कारगिल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर २६ जुलैला एक फॉरवर्ड येतो. १९९९ मध्ये भारतानं अमेरिकेकडे जीपीएसची माहिती मागितली, अमेरिकेनं नाही म्हटलं, म्हणून आपण स्वतःची यंत्रणा बनवली. वाचायला झकास. पण वर सांगितलं तसं उपग्रह ओरडतो, ते सगळ्यांनाच ऐकू जातं. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांवरही साधा सिग्नल पोचत होताच. आपल्या हवाई दलाच्या काही वैमानिकांनी बाजारात मिळणारे हातातले जीपीएस संच सोबत नेले होते, ही नोंद आहे. आपल्याकडे नव्हती ती कुलूपबंद सिग्नलची किल्ली. आणि साध्या सिग्नलमध्ये ती १०० मीटरची चूक तेव्हा चालूच होती. मैदानात १०० मीटर म्हणजे काही नाही. पण डोंगराच्या धारेवर १०० मीटर म्हणजे पलीकडचा उतार. त्यात आपल्या विमानांना नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा सक्त आदेश.

माझा आतेभाऊ त्या उन्हाळ्यात तिकडे होता. कल्याणचा मुलगा, तोफखान्यात. त्याला एकदा हा फॉरवर्ड दाखवला. तो म्हणाला, "कुणी काय मागितलं नि कुणी काय नाकारलं ते दिल्लीला माहीत. आमच्याकडे नकाशा होता, होकायंत्र होतं आणि वरून बघून गोळा कुठे पडला ते सांगणारा माणूस होता. तो माणूस चुकला की आपलीच माणसं." एवढं बोलून त्यानं विषय बदलला. त्यामुळे फॉरवर्डमधलं नाट्य मी बाजूला ठेवतो. जे पक्कं आहे तेवढं पुरेसं आहे. युद्धात आपण दुसऱ्याच्या घड्याळावर होतो, आणि त्या घड्याळात मुद्दाम चूक घातलेली होती.

ती चूक अमेरिकेनं १ मे २००० च्या रात्री काढून टाकली. योगायोगानं आपला महाराष्ट्र दिन. एका रात्रीत जगभरच्या संचांची अचूकता कितीतरी पटींनी सुधारली. आज आपल्याला रिक्षा दारात मिळते, पार्सल बरोब्बर आपल्या बिल्डिंगखाली येतं, त्याची सुरुवात तिथे आहे. पण एका सहीनं जे मिळालं, ते दुसऱ्याचंच होतं.

दुसऱ्याच्या मर्जीवर वाट असणं म्हणजे काय, हे कल्याणला दोन हजार वर्षांपूर्वी दिसलंय. पहिल्या शतकात कुणा व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं एक पुस्तक आहे, लाल समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारं. त्यात आपलं कल्याण आहे, 'कल्लिएना' या नावानं. पूर्वी तिथे रीतसर व्यापार चालायचा. मग सत्ता बदलली आणि बंदराची नाकेबंदी झाली. चुकून तिथे लागलेलं ग्रीक जहाज पहारा बसवून थेट भरुचला नेलं जायचं. बंदर तेच, खाडी तीच, माल तोच. फक्त वाटेचा मालक बदलला आणि कल्याणचा व्यापार अडला.

तर भारतानं ठरवलं, आपली वाट आपण आखायची. मे २००६ मध्ये केंद्र सरकारनं सात उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिली, खर्च १,४२० कोटी रुपये. जीपीएससारखे २४ उपग्रह जगभर फिरवत ठेवायची आपल्याला गरज नव्हती. इस्रोनं हुशारीची मांडणी केली. सगळे उपग्रह साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर. तीन विषुववृत्ताच्या वर एका जागी स्थिर दिसणारे, आणि चार असे की जमिनीवरून बघितलं तर आकाशात आठचा आकडा काढत राहतात. त्यामुळे ते कायम आपल्याच भागाच्या वर. भारत आणि सीमेपलीकडे १,५०० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश यात येतो. अचूकता २० मीटरपेक्षा चांगली. सेवा दोन. एक सगळ्यांसाठी खुली, दुसरी कुलूपबंद, लष्करासाठी. या वेळी किल्ली आपल्याकडे.

पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ ला. त्याच दिवशी पंतप्रधानांनी यंत्रणेचं नाव जाहीर केलं, 'नाविक'. आमच्या ऑफिसात त्या दिवशी पेढे वाटले होते. मीही खाल्ला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. फॉरवर्ड इथेच संपतो. मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं.

पेढे खाऊन वर्षही झालं नव्हतं तेवढ्यात बातमी आली. पहिल्या उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. ही घड्याळं स्वित्झर्लंडहून आणलेली होती. त्याच सुमारास युरोपच्या 'गॅलिलिओ' यंत्रणेतल्या उपग्रहांवरही घड्याळं बंद पडत होती, त्यामुळे हा काही फक्त आपला दोष नव्हता. पण परिणाम आपल्याला भोगायचा होता. उपग्रह जागेवर, सौर पंख्या चालू, रेडिओ चालू, फक्त वेळ सांगता येत नाही. कल्याण स्टेशनात घड्याळ बंद पडलं तर निदान गाड्या तरी येतात. इथे घड्याळ हीच गाडी.

बदली उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ ला सोडला. रॉकेटच्या टोकावरचं संरक्षक आवरण उघडलंच नाही, उपग्रह आतल्या आत अडकून राहिला. १२ एप्रिल २०१८ ला आणखी एक सोडला, तो नीट पोचला. तोपर्यंत आधीच्या उपग्रहांवरची आणखी घड्याळं दमायला लागली होती.

मग पुढची पिढी आली. २९ मे २०२३ ला 'एनव्हीएस-०१' गेला. त्यावर पहिल्यांदा आपल्या देशात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ होतं, अहमदाबादच्या इस्रो केंद्रातलं. आयुष्यही आधीच्या दहा वर्षांऐवजी बारा वर्षांचं. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल पेढे वाटायला हवे होते ते कुणी वाटले नाहीत. २९ जानेवारी २०२५ ला 'एनव्हीएस-०२' गेला, श्रीहरिकोट्याहून झालेलं शंभरावं उड्डाण. रॉकेटनं आपलं काम चोख केलं. पण नंतर उपग्रहाला ठरलेल्या कक्षेत न्यायचं होतं तेव्हा त्याच्या इंजिनाला ऑक्सिडायझर पोचवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत. तो लंबवर्तुळाकार कक्षेतच राहिला.

जुलै २०२५ मध्ये सरकारनं संसदेत लेखी उत्तर दिलं, त्याचा हिशेब असा. आजवर सोडले अकरा. दोन ठरलेल्या कक्षेत पोचले नाहीत. एक निवृत्त. चार फक्त एकतर्फी संदेश पाठवायच्या कामाचे. आणि जागा सांगायच्या कामाचे चार.

चार. वर म्हटलं होतं ना, आकडा लक्षात ठेवा म्हणून? गणित सुटायला कमीत कमी चार लागतात. कॅरमला चार भिडू बसलेत आणि पाचवा कुणी राखीव नाही, अशी ती तेव्हाची अवस्था.

हे वाचून काही जण म्हणतील, झालं, इस्रोला नावं ठेवायला सुरुवात. अजिबात नाही. उलट मी म्हणतोय की हे काम अवघड आहे, आणि ते अवघड आहे हे आपण लोकांनीच नीट समजून घेतलेलं नाही. आपल्याला उड्डाण कळतं. टीव्हीवर उलटी गिनती, धूर, टाळ्या. पण दर दहा-बारा वर्षांनी प्रत्येक घड्याळ म्हातारं होणार आणि त्याच्या जागी नवं आधीच तयार हवं, हे आपल्या डोक्यात बसत नाही. पूल बांधला की नारळ फोडतो, दुरुस्तीच्या वेळी कुणी फिरकत नाही, तसंच हे.

रशियाचं उदाहरण बघा. त्यांची 'ग्लोनास' यंत्रणा १९९५ मध्ये २४ उपग्रहांनी पूर्ण झाली, जीपीएसच्याच वर्षी. मग पैसा आटला, बदली उपग्रह वेळेवर गेले नाहीत, आणि २००१ पर्यंत चालू उपग्रह सहा-सातवर आले. पुन्हा २४ व्हायला २०११ उजाडलं. कुणी हल्ला केला नाही, कुणी मर्जी फिरवली नाही. नुसतं दुर्लक्ष झालं आणि एका महासत्तेची यंत्रणा दहा वर्षं लंगडी झाली.

आणि अमेरिका? तिचं जीपीएस आजही भक्कम आहे ते १९९५ मध्ये पूर्ण झालं म्हणून नव्हे, त्यानंतर हात थांबला नाही म्हणून. २००५ पासून नव्या पिढीचे उपग्रह, नागरिकांसाठी एक नवा सिग्नल, २०१० पासून दुसरा, २०१८ पासून तिसरा. लष्करासाठी वेगळा, जॅमिंगला सहज बळी न पडणारा सिग्नल. मुद्दाम चूक घालायची सोयच नव्या उपग्रहांत ठेवणार नाही, असं त्यांनी २००७ मध्ये जाहीर केलं. त्यांनाही हे सोपं गेलं नाही बरं का. जमिनीवरची नवी नियंत्रण यंत्रणा बनवायचं काम २०१० मध्ये दिलं होतं, ते हातात पडायला २०२५ उजाडलं. उशीर त्यांनाही झाला. पण दरम्यान वर चालू असलेले उपग्रह कमी पडू दिले नाहीत.

आता तुम्ही विचाराल, डोंबिवलीच्या माणसानं याची काळजी का करायची? फोनमध्ये चार देशांचे उपग्रह आहेतच की. एक गेला तर दुसरा.

तीन कारणं सांगतो.

पहिलं, समुद्र. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथले कितीतरी मच्छीमार खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात सरहद्दीची रेघ आखलेली नसते. पलीकडे गेलो असं म्हणून पकडले जातात आणि वर्षानुवर्षं पाकिस्तानच्या तुरुंगात राहतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलानं गुजरातच्या एका बोटीवर गोळीबार केला, त्यात पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार मारला गेला. अशा माणसासाठी आपण नक्की कुठे आहोत हा प्रश्न रिक्षा मागवण्याचा नसतो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच एका योजनेची सुरुवात झाली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर बसवायचे, खर्च साधारण ३६० कोटी. मोबाईलची रेंज संपते तिथेही वादळाचा इशारा मिळावा, संकटात हाक मारता यावी, सीमेजवळ गेलं की सावध करावं. नाविकचे संदेश आणि आपले दळणवळण उपग्रह अशा कामाला लागतात.

दुसरं कारण, खोटे सिग्नल. सिग्नल इतका क्षीण असतो की जमिनीवरून जोरात खोटा सिग्नल सोडला तर संच फसतो. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये असा अडथळा आल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. हेही सरकारनं संसदेतच सांगितलं. वेगवेगळ्या लहरींवर चालणाऱ्या दोन-तीन यंत्रणा हाताशी असतील तर फसवणूक पकडता येते. त्यातली निदान एक आपल्या ताब्यातली हवी.

तिसरं कारण घड्याळाचंच. बँकांचे व्यवहार, मोबाईलचे टॉवर, विजेचं जाळं, या सगळ्यांना एकमेकांशी जुळलेली वेळ लागते, आणि ती बऱ्याच ठिकाणी उपग्रहांकडून घेतली जाते. 'बॉम्बे टाइम'साठी भांडणारे आपले पणजोबा आज असते तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, ही वेळ नक्की कोणाची?

मग नाविक आपल्या हातात का दिसत नाही? याचं उत्तर तांत्रिक आहे पण समजायला सोपं आहे. पहिल्या सात उपग्रहांनी ज्या दोन लहरींवर सिग्नल दिला, त्या बहुतेक स्वस्त फोनना आणि घड्याळांना ऐकूच येत नव्हत्या. आपण आकाशवाणीचं केंद्र काढलं, पण लोकांच्या रेडिओत ती पट्टीच नव्हती. फोन बनवणारे म्हणाले, एका देशासाठी वेगळा खर्च कशाला? २०२० पासून काही चिपमध्ये नाविक यायला लागला, २०२३ मध्ये महागड्या आयफोनमध्येही आला. व्यावसायिक वाहनांच्या ट्रॅकरमध्ये तो १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला. पण साध्या फोनचा प्रश्न तसाच राहिला. म्हणून एनव्हीएसच्या नव्या उपग्रहांवर 'एल-१' ही तिसरी लहर दिली आहे. जगातले जवळजवळ सगळे फोन तीच ऐकतात. इस्रोला चूक कळली आणि त्यांनी ती सुधारली. फक्त त्या लहरीवर बोलणारे निदान चार उपग्रह वर हवेत, आणि दुसराच वाटेत अडकला.

इथे आखाती युद्धाची ती गोष्ट परत आठवा. सामान्य लोक एखादी यंत्रणा कोट्यवधींच्या संख्येनं वापरतात तेव्हा तिचे संच स्वस्त होतात, तिच्या चुका लगेच उघड होतात, बंद पडली तर बोंब होते. लोकल दहा मिनिटं उशिरा आली तर ठाण्याच्या फलाटावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. ती बोंब होते म्हणून तर लोकल चालते. नाविकचे चार उपग्रह राहिले तेव्हा डोंबिवलीत एकाही माणसाचं काही अडलं नाही. म्हणून कुणी ओरडलं नाही. अडेल तेव्हा ते सीमेवर अडेल, किंवा समुद्रात, आणि तेव्हा ओरडून उपयोग नसेल. लष्कराची कुलूपबंद सेवा याच उपग्रहांवरून जाते. घड्याळ एकच आहे. आपण वापरत नसू तर त्याची देखभाल मागणारं मतदारांत कुणीच नाही.

मला यात कुठला पक्ष आणायचा नाही. मंजुरी एका सरकारच्या काळात मिळाली, उपग्रह दोन्हींच्या काळात गेले, घड्याळं कोणाच्या काळात बंद पडली हे मोजण्यात अर्थ नाही. ठाणे आणि कल्याण मिळून आपण लाखो लोक मतदान करतो. रस्त्यातले खड्डे विचारतो, पाणी विचारतो, ते विचारायलाच हवं. कधीतरी खासदारांच्या कार्यक्रमात एक प्रश्न हाही विचारा. नाविकचे चालू उपग्रह आज किती? पुढचा कधी? आणि तो जाईल तेव्हा त्याच्या मागचा तयार असेल का?

आतेभावाला मी हा सगळा हिशेब सांगितला. तो निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता कल्याण पश्चिमेला राहतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या वेळी एक नियम होता. होकायंत्र एक कधीच न्यायचं नाही. दोन न्यायची, आणि दोन्ही निघायच्या आदल्या दिवशी तपासायची."

काल रात्री पुतण्याला उरलेलं उत्तर सांगितलं. झडपा का उघडल्या नाहीत हे त्यानं तीनदा विचारलं, मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मग तो गच्चीवर जाऊन परत मोजून आला. तीनच होते.

तुमच्या फोनवर किती तिरंगे दिसतात? उपग्रहांची यादी दाखवणारी ॲप फुकट मिळतात, गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात जाऊन बघा, घरात नीट दिसणार नाहीत. आकडा, फोनचं मॉडेल आणि ठिकाण कमेंटमध्ये लिहा. घोडबंदरपासून टिटवाळ्यापर्यंत कोण कोण आहे बघू. आणि दर २६ जुलैला तो फॉरवर्ड आला की त्याच्याखाली हा उरलेला भागही टाका.